शब्दांची विचारपूस : थ्रिल

या महिन्यात 'थ्रिल' या एकाच इंग्रजी शब्दावर इतकी पत्रं आली की बाकीचे शब्द पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. विचारणाऱ्यांत शाळकरी मुलं आहेत, वर्तमानपत्रात काम करणारे आहेत, आणि एक पत्र तर डायलिसिसच्या रुग्णाच्या घरून आलं आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच छापली आहेत.

'आय ॲम सो थ्रिलिंग टुडे' असं मी लिहिलं, तर मॅडमनी लाल रेघ मारली. मला आनंद झाला होता, हेच तर सांगायचं होतं. मग चूक कुठे?
— बारावीची विद्यार्थिनी, धरमपेठ

चूक शेपटात आहे. ज्या गोष्टीमुळे अंगावर रोमांच येतात ती थ्रिलिंग, आणि ज्याच्या अंगावर येतात तो थ्रिल्ड. तुम्ही लिहिलेल्या वाक्याचा अर्थ 'आज माझ्यामुळे दुसऱ्यांना थरारून जायला होतंय' असा होतो. तुम्हाला हवं होतं 'आय ॲम थ्रिल्ड'. 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड' ही जोडी अशीच आहे. 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे मला कंटाळा आलाय असं नव्हे. मीच कंटाळवाणी आहे अशी ती कबुली होते.

आता पुढची पायरी. थ्रिल्डनंतर कोणतं अव्यय येतं, यावर परीक्षेत हमखास गुण जातात. हातात आलेल्या वस्तूबद्दल किंवा निकालाबद्दल 'विथ': 'शी इज थ्रिल्ड विथ हर मार्क्स'. बातमी ऐकून झालेल्या आनंदासाठी 'ॲट': 'थ्रिल्ड ॲट द न्यूज'. एखाद्या घटनेविषयी बोलायचं तर 'अबाउट'. पुढे क्रियापद असेल तर 'टू': 'थ्रिल्ड टू मीट यू'. आणि पुढे अख्खं वाक्य असेल तर 'दॅट'. 'थ्रिल्ड फॉर' फक्त दुसऱ्या माणसाच्या आनंदात आपण आनंदी असलो की येतं: 'आय ॲम थ्रिल्ड फॉर यू'. स्वतःच्या निकालाला 'फॉर' लावू नका.

'व्हेरी थ्रिल्ड' टाळा. या शब्दात 'खूप' आधीच भरलेलं आहे, त्यामुळे 'ॲब्सोल्यूटली थ्रिल्ड' किंवा नुसतं 'थ्रिल्ड' लिहावं. 'सो थ्रिल्ड' बोलताना सर्रास चालतं, तेवढं तुमचं बरोबर होतं.

'एक्सायटेड' आणि 'थ्रिल्ड' यात नेमका फरक कोणता? मुलं एकाऐवजी दुसरा सहज टाकतात आणि मलाही नेमकं बोट ठेवता येत नाही.
— शिक्षक, मानेवाडा

काळाकडे बघा. एक्सायटेड माणूस बहुतेक वेळा पुढे बघत असतो. ताडोब्याची सफारी उद्या आहे, तर मुलं आज एक्सायटेड आहेत. वाघ दिसला, की त्या क्षणी आणि त्यानंतर ती थ्रिल्ड आहेत. म्हणून 'आय ॲम एक्सायटेड अबाउट टुमॉरो' बरोबर, आणि 'आय ॲम थ्रिल्ड अबाउट टुमॉरो' कानाला खटकतं. अपवाद एकच: पुढची गोष्ट आज पक्की झाली असेल, तर ती पक्की झाल्याचा आनंद 'थ्रिल्ड'ने सांगता येतो. 'थ्रिल्ड टू बी गोइंग' असं इंग्रज म्हणतो, ते याच अर्थाने.

दुसरा फरक मुदतीचा. एक्साइटमेंट आठवडाभर टिकू शकते. थ्रिल हे नाम मात्र क्षणाचं आहे, अंगातून एकदम काहीतरी निघून जावं तसं. इंग्रजीतलं ठरलेलं वाक्यच बघा: 'अ थ्रिल रॅन थ्रू द क्राउड'. आपल्या नागपुरात मारबतीच्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवणुकीत समोरासमोर आल्यावर गर्दीतून जी लहर जाते, तिचं वर्णन याहून चांगलं करता येणार नाही. सकाळपासून इतवारीत जी धामधूम चाललेली असते, ती एक्साइटमेंट.

वर्गात आणखी एक गोष्ट सांगा. 'फुल ऑफ थ्रिल' असं आपल्याकडे फार लिहिलं जातं. इंग्रजीत तिथे अनेकवचन लागतं, 'फुल ऑफ थ्रिल्स'. एका वेळचा अनुभव सांगायचा तर 'अ थ्रिल', आणि कशाचा ते सांगायचं तर 'द थ्रिल ऑफ'.

'थरार' हा शब्द इंग्रजी 'थ्रिल'वरून आला का? उच्चार तर जुळतो.
— सेवानिवृत्त ग्रंथपाल, महाल

नाही. दोघांची कुळं वेगळी आहेत. थरार हा 'थरथर'च्या घरातला, कापण्याचा आवाज आणि हालचाल यांची नक्कल करणारा शब्द. प्राकृतातही 'थरथर' आहे, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत 'थरथर', 'थरथरणें' नोंदलेले आहेत.

इंग्रजी शब्दाचा जन्म भोकातून झाला. जुन्या इंग्रजीत भोकाला 'थिरेल'सारखा शब्द होता आणि भोक पाडण्याला त्याचंच क्रियापद. 'नॉस्ट्रिल' म्हणजे नाकपुडी, त्यात तोच शब्द दडलेला आहे: नाकाचं भोक. या शब्दाचं मूळ 'थ्रू', म्हणजे 'आरपार', आणि त्याचा नातेवाईक आपल्या ओळखीचा आहे, संस्कृत 'तिरस्'. पुढे 'र' आणि त्याच्या शेजारच्या स्वराने जागा बदलल्या आणि 'थर्ल'चं 'थ्रिल' झालं. असा वर्णविपर्यय मराठीला नवा नाही. 'लघु'चं प्राकृतात 'लहु' झालं आणि आपल्या तोंडी 'हळू' आलं. 'मतलब'चं 'मतबल' तर आजही ऐकू येतं.

अर्थ बदलला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. भाल्याने भेदण्याऐवजी भावनेने भेदणं, असा वापर सुरू झाला. पण ती भावना आनंदाचीच हवी असं तेव्हा नव्हतं. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' नाटकात मरणाच्या भीतीने गळालेला क्लॉडिओ बर्फाच्या प्रदेशाला 'थ्रिलिंग' म्हणतो. तिथे मजेचा लवलेश नाही, हाडं भेदून जाणारी थंडी आहे. ही जुनी छटा माहीत असली की पुढच्या पत्रातला गोंधळ नीट उलगडतो.

मी मराठी बातम्यांचं इंग्रजी करतो. 'वर्धा रोडवर थरारक अपघात' याचं 'थ्रिलिंग ॲक्सिडेंट' केलं, तर वरिष्ठांनी खोडलं. शब्दकोशात थरारक म्हणजे थ्रिलिंग असंच दिलेलं आहे.
— उपसंपादक, रामदासपेठ

वरिष्ठांचं बरोबर आहे. कोश चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि या अपुरेपणातून छापील पानावर माणसाच्या मरणाची थट्टा होते. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

मराठीत थरथर भीतीने होते, थंडीने होते, रागाने होते आणि आनंदानेही होते. म्हणून 'थरारक' या विशेषणाला कशाचंही वावडं नाही. अपघात, सामना, सुटका, खून, सगळ्यांना ते लागतं. इंग्रजी 'थ्रिलिंग' मात्र गेल्या दोन-तीनशे वर्षांत सुखाच्या बाजूला सरकलं आहे. त्यात भीती असू शकते, पण ती सुरक्षित अंतरावरून अनुभवलेली, हवीशी वाटणारी भीती असते. आकाशपाळण्यात बसलेल्याची. 'थ्रिलिंग ॲक्सिडेंट' वाचणाऱ्या इंग्रजाला असं वाटतं की बातमीदाराला अपघात बघायला मजा आली.

मग काय लिहायचं? माणसं दगावली असतील तर 'हॉरिफिक'. अपघातातून वाचलेल्यांनी सांगितलेला अनुभव असेल तर 'हॅरोइंग' किंवा 'टेरिफाइंग'. कोणालाही इजा न होता थोडक्यात निभावलं असेल, तर 'हेअर-रेझिंग' चालतं. पुरात अडकलेल्यांची सुटका, पोलिसांचा पाठलाग, यांना 'ड्रामॅटिक' बसतं. थंड डोक्याने केलेल्या खुनाला 'चिलिंग'.

खुनाच्या बातमीत तर दुप्पट सावध राहा. 'हत्येचा थरार' हा आपल्या मथळ्यांतला नेहमीचा शब्दप्रयोग. त्याचं 'थ्रिल किलिंग' केलंत तर बातमीतली वस्तुस्थितीच बदलते. 'थ्रिल किलिंग' म्हणजे दुसरं कुठलंही कारण नसताना, केवळ मारण्याच्या आनंदासाठी केलेला खून. हा हेतूविषयीचा शब्द आहे. जमिनीच्या वादातून झालेल्या खुनाला तो लावणं म्हणजे आरोपीवर पोलिसांनी न ठेवलेला आरोप ठेवणं.

पान सोडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: या प्रसंगात कोणाला तरी मजा आली का? उत्तर 'नाही' असेल तर 'थ्रिल'चं कुठलंही रूप तिथे ठेवू नका.

उलट दिशेलाही हेच. 'द पेरेंट्स वेअर थ्रिल्ड विथ द रिझल्ट' याचं 'निकालाने पालक थरारले' असं मराठी झालेलं छापून येतं. वाचणाऱ्याला वाटतं, मुलगा नापास झाला. तिथे 'पालक हरखून गेले' म्हणा, किंवा 'आनंद गगनात मावेना' म्हणा. 'शी वॉज नॉट थ्रिल्ड' हे तर आणखी फसवं. वरवर 'तिला फार आनंद झाला नाही' असं वाटतं, पण इंग्रज हे नाराजीसाठी बोलतो. मराठीत 'तिला ते काही रुचलं नाही' इतकं स्पष्ट लिहावं.

'थ्रिल'ला एकच नेमका मराठी शब्द द्या.
— अनुवादक, इतवारी

एका शब्दाचा हट्ट सोडावा लागेल. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. यांतला रोमांच म्हणजे अंगावर केस उभे राहणं आणि वेपथू म्हणजे कंप. इंग्रजी थ्रिल या दोघांवर पाय देऊन उभं आहे. म्हणून आनंदाचा भाग ठळक असेल तिथे 'रोमांच', धोक्याचा भाग ठळक असेल तिथे 'थरार', आणि क्षणभर अंगातून काही गेलं एवढंच सांगायचं असेल तिथे 'शहारा' किंवा 'शिरशिरी'. 'थ्रिल-सीकर' म्हणजे धाडसाची चटक लागलेला. 'थ्रिल ऑफ द चेस' याचं शब्दशः भाषांतर नकोच. मिळण्यापेक्षा मिळवण्यातच जी गोडी असते ती.

'थ्रिल्ड टू बिट्स' दिसलं तर तुकडे शोधू नका. 'आनंदाने वेडा झाला' एवढाच त्याचा अर्थ.

जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भाने केरळविरुद्ध रणजीचा अंतिम सामना जिंकला. त्याला 'थ्रिलर' म्हणता येईल का? आमच्यात पैज लागली आहे.
— क्रिकेटप्रेमी, हिंगणा

2024-25 च्या त्या अंतिम सामन्याचे आकडे बघू. विदर्भ पहिल्या डावात 379, केरळ 342. आघाडी 37 धावांची. सामना अनिर्णित राहिला आणि या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. आता 'थ्रिलर'ची अट: निकाल शेवटपर्यंत अधांतरी असला पाहिजे. इथे आघाडीचा फैसला तिसऱ्या दिवशीच झाला, आणि दुसऱ्या डावात विदर्भाने 9 बाद 375 करून दार लावून घेतलं. तेव्हा तिसऱ्या दिवसाला 'थ्रिलिंग' जरूर म्हणा. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर बाद झाला तो क्षण 'थ्रिल'चाच. पण अख्ख्या सामन्याला 'थ्रिलर' म्हणणं ओढूनताणून होईल.

खरा थ्रिलर हवा असेल तर 2017-18 चा उपांत्य सामना घ्या, कोलकात्यातला. कर्नाटकला 198 धावा हव्या होत्या, ते 192 वर सर्वबाद झाले. विदर्भ 5 धावांनी जिंकला आणि रजनीश गुरबानीने सामन्यात 12 बळी घेतले. शेवटची विकेट पडेपर्यंत कोणालाच काही सांगता येत नव्हतं. हा शब्द अशाच सामन्यासाठी आहे. एकतर्फी विजयाला 'थ्रिलर' म्हणणारे मथळे बघितले की वाईट वाटतं, कारण मग अशा सामन्यासाठी शब्दच उरत नाही.

पैजेचा निकाल तुम्हीच लावा.

वडिलांच्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला केला आहे. कागदावर 'थ्रिल प्रेझेंट' लिहिलं आहे आणि रोज थ्रिल तपासायला सांगितलं आहे. हा कुठला थ्रिल?
— कामठी

हा वैद्यकातला थ्रिल आहे आणि त्याचा आनंदाशी संबंध नाही. त्वचेवर बोटं ठेवली असता हाताला जाणवणारी कंपनं, एवढाच त्याचा अर्थ. रक्त एखाद्या ठिकाणातून वेगाने, घुसळत वाहू लागलं की आजूबाजूची त्वचा थरथरते. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ शस्त्रक्रियेने धमनी शिरेला जोडतात, तो फिस्टुला. धमनीतलं जोराचं रक्त थेट शिरेत शिरतं म्हणून तिथे ही थरथर लागते. 'थ्रिल प्रेझेंट' म्हणजे जोडणी चालू आहे. ही चांगली खूण.

तपासायचं असं. हात धुवा. वडिलांचा हात उशीवर सैल ठेवा. शस्त्रक्रियेच्या व्रणाच्या जरा वर, खांद्याच्या दिशेने, दोन-तीन बोटांची टोकं अलगद टेकवा. दाबू नका, दाबलं तर कंपन हरवतं. सतत चालणारी बारीक गुरगुर जाणवली पाहिजे. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी, असं दोनदा बघितलं तर उत्तम. एकाच माणसाने बघितलं तर फरक लवकर कळतो. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून त्याच ठिकाणी जो आवाज ऐकतात, त्याला 'ब्रुई' म्हणतात. कागदावर तोही शब्द असेल.

काय बिघडतं ते नीट लक्षात ठेवा. थरथर अजिबात लागत नसेल तर आत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता आहे. पुढच्या डायलिसिसच्या तारखेची वाट बघू नका, त्याच क्षणी डायलिसिस केंद्राला फोन करा. लवकर पोचलं तर गुठळी काढून फिस्टुला वाचवता येतो, उशीर झाला तर बहुधा नवीन करावा लागतो. थरथरीऐवजी नुसते नाडीसारखे जोरदार ठोके लागत असतील तर पुढे कुठेतरी शीर अरुंद झाली असू शकते. तेही लवकर दाखवायचं. लाली, सूज, पू किंवा ताप असेल तर संसर्गाची शंका.

त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, सलाइनची किंवा रक्त घेण्याची सुई टोचू देऊ नका. घड्याळ, कडं, घट्ट बाही नको. झोपेत तो हात अंगाखाली येऊ नये. रक्तदाब फार खाली गेला किंवा जुलाब-उलट्या झाल्या तरी गुठळीचा धोका वाढतो, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात विशेष लक्ष ठेवा. पण पाणी किती प्यायचं ते मनाने वाढवू नका, डायलिसिसच्या रुग्णाला मर्यादा असते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

हृदयरोगाच्या कागदावर हा शब्द दिसला तर गोष्ट वेगळी. तिथे छातीवर हात ठेवल्यावर कंपन जाणवतं असा अर्थ. हृदयातल्या मर्मर आवाजाची सहा पायऱ्यांची जी श्रेणी 1933 पासून वापरात आहे, तिच्यात चौथ्या पायरीपासून थ्रिल सापडतो. फिस्टुलावर थ्रिल असणं चांगलं, छातीवर असणं तपासण्याजोगं.

नोकरीच्या अर्जात 'आय ॲम थ्रिल्ड टू अप्लाय' लिहू का?
— मिहान परिसरात नोकरी शोधणारा पदवीधर

नको. अर्ज करण्यात अजून काही घडलेलं नाही, त्यामुळे थ्रिल कशाचा, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. 'आय ॲम रायटिंग टू अप्लाय' साधं आणि पुरेसं आहे. निवडीचं पत्र आल्यावर उत्तर देताना 'आय ॲम थ्रिल्ड टू ॲक्सेप्ट' बिनधास्त लिहा, तिथे ते शोभतं.

उच्चार 'थिरिल' होतो. कसा सुधारावा?
— काटोल

दोन अडचणी आहेत. पहिली, मराठी 'थ' म्हणताना जीभ दातांमागे टेकून हवा अडवते. इंग्रजी उच्चारात हवा अडत नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या धारेला हलकं लावा आणि फुंकर सोडा, दोन-तीन सेकंद सलग. तोंडासमोर बोट धरलं तर हवा लागली पाहिजे. दुसरी, 'थ' आणि 'र' यांच्यामध्ये नकळत 'इ' शिरते. फुंकर चालू असतानाच जीभ मागे ओढा आणि 'रिल' म्हणा, मध्ये थांबू नका. 'थ्री', 'थ्रो', 'थ्रेड' यांवर हात बसला की 'थ्रिल' आपोआप सुटतो. जीभ मागे टेकली तर 'ट्रिल' ऐकू येतं, आणि तो निराळाच शब्द आहे: दोन सूर झपाट्याने आलटून पालटून लावण्याची गायन-वादनातली हरकत.

मराठीत 'थ्रिल' लिहावं की 'थ्रील'? आणि ते थ्रिल की तो थ्रिल?
— मुद्रितशोधक, सीताबर्डी

ऱ्हस्व. 'गरीब', 'वकील' यांच्या नियमाने दीर्घ करण्याचा मोह होतो, पण अलीकडे आलेले इंग्रजी शब्द आपण मूळ उच्चाराप्रमाणे लिहितो: बिल, मिल, ग्रिल. बोलण्यात हा शब्द नपुंसकलिंगी रुळला आहे, 'त्यातलं थ्रिलच गेलं'. डॉक्टर मंडळी मात्र 'थ्रिल लागला' असं पुल्लिंगी बोलतात, म्हणून वरच्या डायलिसिसच्या उत्तरात तसंच ठेवलं आहे. 'थरार' पुल्लिंगी. 'रोमांच'ही पुल्लिंगी, पण अनेकवचनात वापरा: रोमांच उभे राहिले.